पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली, तरी सासऱ्यांची साखर वाढली! असं कसं?

ओसरी
नमस्कार मंडळी. आज रिपोर्ट हातात आला आणि राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.
माझे सासरे ६८ वर्षांचे. मूळचे सोलापूरकडचे, सासूबाई गेल्यापासून आमच्याकडे पुण्यात असतात. नऊ वर्षं डायबेटिस आहे, दोन वेळा मेटफॉर्मिन आणि सकाळी ग्लिमेपिराइडची छोटी गोळी चालू आहे. चार महिन्यांपूर्वी एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ७.४ होतं तेव्हा घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं की गहू बंद. पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी आणि सकाळी चहा-पोह्यांच्या जागी नाचणीचं सत्त्व, साखर न घालता. बाबा तर खूशच झाले, कारण भाकरी हेच त्यांचं खरं जेवण, पोळीला ते "तुमचं शहरातलं कागद" म्हणतात. आम्हालाही वाटलं की चला, तब्येतही आणि आवडही.
आज एचबीएवनसी ८.१ आलंय. बाबांचा चेहरा एवढासा झाला. म्हणाले, "आता काय माती खाऊ का?" मला फार वाईट वाटलं.
सगळीकडे वाचतो की भाकरी चांगली, मिलेट चांगले, गहू वाईट. मग हे काय झालं? कुणाला असा अनुभव आहे का?

पावटा_उसळ
वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे.

निवांत_सकाळ
माझा अनुभव उलट आहे. मी दोन वर्षांपूर्वी रात्रीचा भात बंद करून बाजरीची भाकरी सुरू केली आणि एचबीएवनसी ६.३ वरून ५.८ वर आलं, गोळी कधीच घेतली नाही. पण हेही खरं की त्याच वेळी संध्याकाळचं चालणं सुरू केलं होतं आणि वजन पाच किलो उतरलं, त्यामुळे श्रेय बाजरीला किती आणि पायांना किती ते सांगता येणार नाही. बाबांना ज्वारीऐवजी बाजरी देऊन बघा. थंडीत तर तीळ लावून.

परीक्षानळी
@ओसरी, मी बायोकेमिस्ट्री शिकवते, माझे वडीलही डायबेटिक आहेत, त्यामुळे हा विषय पुस्तकातलाही आहे आणि घरातलाही. जरा लांबेल, सांभाळून घ्या.
आपण 'होल ग्रेन' म्हणजे 'साखर वाढवत नाही' असं धरून चालतो तिथेच गडबड होते. दाण्याचे तीन भाग असतात, बाहेरचा कोंडा, आतला अंकुर आणि मधला मोठा स्टार्चचा गोळा. सगळं धान्य दळलं की कोंडा आणि अंकुर पिठात राहतात, म्हणजे फायबर, मॅग्नेशियम, बी गटातली जीवनसत्त्वं मिळतात. ते नक्कीच चांगलं आहे. पण स्टार्च कुठे गेलेला नसतो! तोही पूर्ण तिथेच असतो.
हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची अन्नघटकांची कोष्टकं माझ्याकडे आहेत त्यातले आकडे देते. १०० ग्रॅमला फायबर: कणीक साधारण ११.४, ज्वारी १०.२, बाजरी ११.५, नाचणी ११.२, मैदा २.८. म्हणजे न चाळलेली कणीक फायबरमध्ये ज्वारीच्या मागे नाही, उलट किंचित पुढेच आहे. कर्बोदकं बघितली तर कणीक ६४, ज्वारी ६८, बाजरी ६२, नाचणी ६७. सगळी भावंडंच आहेत हो. खरा दुसऱ्या घरचा आहे तो मैदा.
आता जीआय, म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, एखादा पदार्थ रक्तातली साखर किती वाढवतो त्याचा आकडा. टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी १९८१ साली ही कल्पना मांडली. ग्लुकोज १०० धरायचं, ५५ पर्यंत कमी, ७० पासून पुढे जास्त. २००८ च्या आंतरराष्ट्रीय कोष्टकात पांढरा ब्रेड सरासरी ७५ आणि होलव्हीट ब्रेड ७४ आहे. एका गुणाचा फरक! त्याच कोष्टकात चपाती ५२, पांढरा भात ७३, ब्राउन राइस ६८, अख्खा शिजवलेला जव २८ आणि मिलेटची लापशी ६७. माणसामाणसात आणि एका प्रयोगातून दुसऱ्यात हे आकडे बरेच हलतात, तेव्हा ५२ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ समजू नका. पण होलव्हीट ब्रेड आणि अख्खा जव यांच्यात जे अंतर आहे ते का, ते बघण्यासारखं आहे. जवाचा दाणा शाबूत होता, गव्हाचा पीठ झाला होता, हे एक मोठं कारण. शिवाय जवात बीटा-ग्लुकन नावाचं विरघळणारं फायबर असतं, ते पोटात बुळबुळीत होऊन सगळा कारभार मंदावतं. गव्हाच्या कोंड्यातलं फायबर बहुतेक न विरघळणारं, ते पोट साफ ठेवतं पण जेवणानंतरची साखर फारशी अडवत नाही.

गावगाडा
हे सगळं पुस्तकी झालं. आमचे आजोबा आयुष्यभर ज्वारीच्या भाकरी खात होते, एका वेळी चार चार, ९१ वर्षं जगले, साखर काय ते माहीत नव्हतं. धान्य तेच, माणसं बदलली. आणि आताचं हायब्रीड बियाणं, खतं, फवारे, त्यातच सगळं आलं.

निवांत_सकाळ
@गावगाडा, आजोबा दिवसभर काय करत होते?

गावगाडा
शेती. अजून काय करणार. पहाटे चारला मोट धरायचे.

निवांत_सकाळ
तेच म्हणायचं होतं :)

परीक्षानळी
आजोबांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, तो महत्त्वाचाच आहे. रक्तातली साखर सगळ्यात जास्त कोण उचलतं तर स्नायू. आणि हलणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न बघताही साखर आत ओढतो. मोट ओढणाऱ्याच्या अंगात चार भाकरींना जागा होती, सोफ्यावर बसणाऱ्याच्या अंगात नाही. त्या काळी कुणी तपासत नव्हतं, त्यामुळे डायबेटिस कुणाला होता आणि कुणाला नव्हता हेही कळायला मार्ग नव्हता.

झुणका_डॉट_कॉम
मला एकच माहीत आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मिळालाय. आता तो चांगला जीआय की वाईट?

दळणकांडण
@झुणका, हाहा, तो भौगोलिक मानांकनाचा जीआय! आमच्या मालदांडी ज्वारीचा. आमच्या भागाचा मान आहे तो, त्याला कमी-जास्त काही नसतं.
आता आलोच आहे तर लिहितो. बार्शीला आमच्या वडिलांची पिठाची गिरणी होती, मी वीस वर्षं दळण दळलंय. परीक्षानळी ताईंनी दाणा शाबूत आणि दाण्याचं पीठ हा मुद्दा काढला तो मला फार पटला, कारण हे आमच्या डोळ्यासमोर बदललेलं आहे. माझी आजी जात्यावर दळायची ते पीठ हाताला रवाळ लागायचं. गिरणीत मात्र प्रत्येक बाई म्हणणार "दादा जरा बारीक काढा", कारण भरड पिठाची भाकरी थापताना कडेने चिरते आणि तव्यावर टाकताना मोडते. त्यात पीठ जुनं असलं, विरी (पिठाचा चिकटपणा) गेलेली असली, तर मग विचारूच नका. म्हणून आम्ही दगड घट्ट करून बारीक काढायचो. आता तर घरघंटीत मैद्यासारखं मऊ निघतं. त्याच ज्वारीच्या कण्या काढून ताकात शिजवल्या तर एक वाटीत माणूस गप्प होतो, चार तास भूक नाही. पिठाच्या आंबिलीने तासाभरात पोट परत विचारतं. हे मला कुठल्या मशीनने नाही सांगितलं, पोटाने सांगितलं.

परीक्षानळी
दळणकांडण दादा, तुम्ही जे पोटाने ओळखलंत ते प्रयोगातही आलंय. १९८८ साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी अख्खे गहू, भरडलेले गहू, जाडं पीठ आणि बारीक पीठ असं चार रूपांत लोकांना खायला दिलं. जसजसं बारीक होत गेलं तसतसं इन्शुलिन पायरीपायरीने वाढत गेलं. गहू तोच. कण जितका लहान तितका पाचकरसाला सगळ्या बाजूंनी हात घालता येतो.

तिखटमीठ
मग खपलीचं काय? आमच्या सोसायटीत सगळ्यांनी खपली गहू सुरू केलाय. साध्या गव्हाच्या दुपटीहून जास्त भाव आहे पण म्हणतात शुगरवाल्यांना चालतो, ग्लुटेन नसतं.

बेळगावी_कुंदा
ग्लुटेन असतं! कृपया हे पसरवू नका. खपली हा गहूच आहे, जुना सालवाला गहू. माझ्या भाचीला सिलिॲक (ग्लुटेन अजिबात न चालणारा आजार) आहे, तिच्या आईला कुणीतरी हेच सांगितलं होतं आणि पोरगी पंधरा दिवस आजारी होती. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नाही, तेवढंच लक्षात ठेवा.
बाकी खपली चवीला एक नंबर. आमच्याकडे बेळगाव-सांगली पट्ट्यात खीर खपलीचीच होते. पण त्या खिरीत गूळ किती पडतो ते बघितलं की शुगरचा विषयच काढू नये.

तिखटमीठ
अरे बापरे, ग्लुटेनचं माहीत नव्हतं. ग्रुपवर टाकते.

पावटा_उसळ
आणि ते पाकिटातलं मल्टिग्रेन पीठ? आम्ही तेच आणतो.

निवांत_सकाळ
पाकीट उलटं करून घटक वाचा. जे वजनाने जास्त ते आधी लिहावं लागतं असा नियम आहे. मी आणलेल्या पाकिटावर पुढे सात धान्यांची चित्रं आणि मागे गहू ९० टक्क्यांच्या वर. म्हणजे बाकी सहा जण मिळून दहा टक्क्यांच्या आत. त्यापेक्षा घरचं थालीपिठाचं भाजणीचं पीठ परवडलं, त्यात हरभराडाळ, उडीद तरी खरोखर असतात.

स्टेथोस्कोप_काका
मी साताऱ्याजवळ तीस वर्षं प्रॅक्टिस करतो. ओसरी, तीन गोष्टी सांगतो.
एक. एचबीएवनसी हे साधारण मागच्या तीन महिन्यांचं गोळाबेरीज चित्र असतं. वाढलं म्हणजे भाकरीच दोषी असं लगेच धरू नका. मधे ताप, इन्फेक्शन, गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन असं काही झालं का? गोळ्या वेळेवर जातात का? हिमोग्लोबिन किती आहे? लोहाच्या कमतरतेमुळे एचबीएवनसी खरं आहे त्याहून जास्त दिसू शकतं.
दोन, आणि हे सगळ्यांनीच वाचा. ज्यांना ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी धागा वाचून एकदम भाकरी निम्मी करू नये. मेटफॉर्मिन एकट्याने सहसा साखर फार खाली नेत नाही, पण ग्लिमेपिराइड नेतं. जेवण कमी आणि गोळी तेवढीच असं झालं की घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होतं, म्हातारा माणूस पडतो. ७० च्या खाली साखर म्हणजे धोका. जेवण बदलायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा, ते गोळीचं बघतील.
तीन. मला खरा प्रश्न असा विचारायचाय की भाकरी केवढी? आणि किती?

ओसरी
काका, खूप आभार. स्टिरॉइड नाही, ताप नाही, गोळ्या मी स्वतः देते. हिमोग्लोबिन १३.२ आहे. भाकरी दुपारी दोन, रात्री दोन. केवढी म्हणजे... सोलापुरी असते तशी. मोठी. बाबांना लहान भाकरी दिली की ते म्हणतात ही पाहुण्याची आहे का.

दळणकांडण
सोलापुरी म्हणजे परातीएवढी :)

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितेय. विषय निघालाच आहे म्हणून सांगते, २०२३ साली आयसीएमआर-इंडियाब या डायबेटिसच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले त्यात डायबेटिसमध्ये आमचा गोवा सगळ्यात वर होता, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. वाचून पोटात गोळा आला होता, कारण माझ्या घरातच पाच मोठ्या माणसांत दोघं आहेत.
आमचं मुख्य अन्न शीतकडी (भात आणि कालवण), आणि सकाळ-संध्याकाळ पाव. सगळे म्हणतात पाव नको, पोय घे, पोयेला कोंडा असतो. मीही तेच घ्यायची. एकदा आमच्या पोदेरालाच (पाववाल्यालाच) विचारलं तर तो म्हणाला, बाय, कोंडा वरून लावतो तो, आत निम्म्याहून जास्त मैदाच असतो, नाहीतर फुगत नाही. खरं बोलला बिचारा. तेव्हापासून पोय आवडीने खाते पण अर्धी, औषध म्हणून नाही. रंग तपकिरी आणि वरून कोंडा दिसला की आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो.

ऱ्हाईनकाठचा_राघू
जर्मनीतही तपकिरी रंगाचा हाच खेळ. काही ब्रेडना माल्ट घालून रंग आणतात आणि आत मैदाच असतो. इथल्या एका वयस्कर शेजारणीने मला शिकवलं की सुरी लावल्यावर ब्रेड चुरमडला तर ठेवून दे, विटेसारखा जड लागला आणि दाणे दिसले तर घे. पुंपरनिकल तसाच असतो, राईचे अख्खे-भरड दाणे तासन्‌तास भाजलेले. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा वाटलं हे काय शिक्षा आहे. आता ज्वारीची भाकरी मिळत नाही म्हणून तोच खातो, वर शेंगदाण्याची चटणी.

झुणका_डॉट_कॉम
पुंपरनिकलवर शेंगदाण्याची चटणी! सोलापूर थेट ऱ्हाईनला मिळालं.

पावटा_उसळ
उपवासाला मग काय करायचं? आईला गुरुवार आणि चतुर्थी दोन्ही असतात आणि साबुदाण्याशिवाय उपवास होत नाही.

परीक्षानळी
साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, फायबर-प्रथिनं नावालाच. त्याच्यापुढे वरई, राजगिरा बरे. पण राजगिऱ्याचे लाडू लाह्यांचे असतात, फुललेला दाणा लवकर पचतो आणि त्यात गूळ. राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी, दाण्याची आमटी, दही, काकडी असं चालत असेल तर बघा. गोळी-इन्शुलिन असेल तर उपवासाबद्दलही डॉक्टरांशी बोला.

गावगाडा
शिळी भाकरी विसरलात सगळे. आमच्याकडे सकाळी शिळी भाकरी आणि दूध, नाहीतर ताक. त्याने साखर वाढत नाही म्हणतात. त्यावर विज्ञान काय म्हणतं?

परीक्षानळी
@गावगाडा, यात तथ्य आहे. शिजलेला स्टार्च थंड झाला की त्यातला काही भाग परत घट्ट बांधला जातो, त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात, तो लहान आतड्यात पचत नाही. पण काही भागच हं. शिळ्या भाकरीची अर्धी भाकरी होत नाही.

ओसरी
मंडळी, मी आज स्वयंपाकघरात वजनकाटा काढला. काकांनी "केवढी" विचारल्यापासून डोक्यात तेच होतं.
आमची बाई रोज करते तशीच भाकरी करायला सांगितली आणि पीठ आधी मोजलं. एका भाकरीला ८० ग्रॅम पीठ! मी दोनदा मोजलं. मग फुलक्याचा गोळा मोजला, त्यात सुकी कणीक २५ ग्रॅमच्या आसपास. बाबा आधी एका जेवणाला तीन फुलके खायचे. म्हणजे ७५ ग्रॅम कणीक. आणि आता दोन भाकरी म्हणजे १६० ग्रॅम ज्वारी. परीक्षानळी ताईंच्या आकड्यांनी हिशेब केला तर आधी एका जेवणाला पोळीतून ४८ ग्रॅम कर्बोदकं जात होती, आता भाकरीतून १०८.
मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. "तीनाच्या दोन झाल्या" म्हणून आम्ही खूश होतो, आणि त्यांच्या ताटात दुपटीहून जास्त पडत होतं. तेही दिवसातून दोनदा, चार महिने.

स्टेथोस्कोप_काका
शाबास. हे दर दुसऱ्या घरात होतं. लोक नग मोजतात.

बेळगावी_कुंदा
ओसरी, वाईट वाटून घेऊ नकोस ग. तू प्रेमानेच करत होतीस. पण एक विचारते, ते नाचणीचं सत्त्व घरी केलेलं की विकतचं? आणि कसं केलेलं?

ओसरी
ओळखीच्या एक काकू करून देतात. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला साका वाळवतात.

बेळगावी_कुंदा
हां, मग तिथेही उत्तर आहे. फडक्यात जो चोथा उरतो तो टाकतात, आणि फायबर सगळं त्यातच. खाली बसतो तो स्टार्च. लहान बाळाला पचायला हलकं म्हणून सत्त्व करायची पद्धत. जे बाळाला पटकन पचतं ते बाबांनाही पटकन पचणारच ना.

परीक्षानळी
अगदी बरोबर पकडलंत. नाचणीचं कौतुक कॅल्शियमसाठी होतं, १०० ग्रॅमला सुमारे ३६४ मिग्रॅ, कणकेच्या दहापटीच्या आसपास. पण त्याचाही मोठा वाटा सालीतच असतो. साल फेकली की उरते ती पातळ, गुळगुळीत, रिकाम्या पोटी प्यायलेली खळ. नाचणी द्यायचीच तर सबंध पिठाची भाकरी किंवा घावन द्या, सोबत काहीतरी चावायला लागणारं.

पावटा_उसळ
आमच्याकडे पण सत्त्वच चालू आहे :( आजच बंद.

निवांत_सकाळ
आणि जेवणाचा क्रम बदलून बघा. आधी कोशिंबीर आणि उसळ अर्धी संपवायची, मग भाकरीला हात लावायचा. मी मीटरवर स्वतः बघितलंय, तेच ताट, फक्त क्रम बदलला तरी दोन तासांनंतरचा आकडा खाली येतो. उसळ तर पाहिजेच. नुसता ठेचा आणि भाकरी जिभेला स्वर्ग आहे पण भाकरीला थोपवणारं ताटात काही नाही.

तिखटमीठ
ठेच्याबद्दल वाईट ऐकवत नाही, पण पटलं.

ओसरी
सोळा दिवसांनी परत येतेय. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून पुढचं सांगायलाच हवं.
डॉक्टरांकडे गेलो, वजनाचा कागद दाखवला. त्यांनी गोळी तीच ठेवली पण सांगितलं की पहिले दोन आठवडे रोज दोन वेळा मीटरवर बघा आणि ९० च्या खाली जायला लागली तर फोन करा.
पहिल्या दिवशी काहीच न बदलता मोजलं. दोन भाकरी, पिठलं, ठेचा. दोन तासांनी २४१. मग एकच भाकरी, तेवढीच मोठी, कारण बाबांची अट होती की लहान करायची नाही, एक दे पण भाकरीसारखी दे. सोबत मोठी वाटी मटकीची उसळ, गाजर-काकडी आधी, नंतर ताक. दोन तासांनी १८३. तिसऱ्या दिवसापासून जेवल्यावर बाबा खाली बागेत वीस मिनिटं फिरतात, आता १६० ते १७५ च्या मधे असते. सगळ्यात कमी एकदा ९८ आली होती, रात्रीच्या जेवणाआधी.
सकाळी सत्त्व बंद. मुगाचं धिरडं किंवा दळणकांडण दादांनी सांगितलेल्या कण्या ताकात. कण्या बघून बाबांचे डोळे भरून आले होते, त्यांच्या आईच्या हातच्या नंतर खाल्ल्याच नव्हत्या म्हणे. मी गाजराची कोशिंबीर कालवत होते तर हे बापलेक ओट्यापाशी उभं राहून पातेल्यातूनच खात होते.
एक दिवस भाकरीऐवजी तीन फुलके देऊन मोजलं, बाकी सगळं तेच. १६९. ज्वारीची एक भाकरी आणि तीन फुलके, आमच्या बाबांच्या अंगात जवळपास सारखेच. म्हणजे गव्हाला आम्ही उगाच घराबाहेर काढलं होतं.

गावगाडा
तरी मी भाकरीच खाणार.

स्टेथोस्कोप_काका
खा की, कोण नको म्हणतंय. ओसरी, आकडे छान आहेत. एचबीएवनसी तीन महिने पूर्ण झाल्यावरच करा, घाईने दीड महिन्यात केलं तर अर्धवट चित्र दिसेल. आणि मेटफॉर्मिन नऊ वर्षं चालू आहे तर बी-१२ तपासून घ्या, ते कमी होतं. किडनीची क्रिएटिनिन तपासणीही वर्षातून एकदा. त्यात गडबड निघाली तर उसळी, कोंडा, नाचणी सगळ्याचाच पुन्हा विचार करावा लागतो.

ओसरी
हो काका, लिहून ठेवलं.
आता एक भाकरीचा प्रश्न. दुपारी ठीक आहे, पण रात्री बाबांचं एका भाकरीत मन भरत नाही, सारखे दुरडीकडे बघतात. पिठातच काही मिसळता येईल का, जेणेकरून तीच भाकरी जरा दमदार होईल?

खानदेशी_वांगं
इतके दिवस नुसती वाचत होते, आता माझा विषय आला! कळण्याची भाकरी करा. ज्वारी आणि सालीचे उडीद एकत्र दळायचे, थोडं मीठ दळणातच टाकायचं. आमच्याकडे थंडीत घरोघरी. जड असते, एका भाकरीत माणूस उठतो. सोबत भरीत किंवा मिरचीचा ठेचा... बरं, उसळ.

दळणकांडण
कळण्याचं दळण मी खूप काढलंय. चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद घ्या, जास्त झाला की भाकरी चिकट होते आणि थापता येत नाही. गिरणीत सांगा फार बारीक नको. थापायला जमलं नाही तर प्लास्टिकच्या कागदावर थापा.

ओसरी
उडीद सालीसकटच ना? अख्खे की डाळ?

खानदेशी_वांगं
अख्खे काळे. निवडून, पुसून, ऊन देऊन. धुवायचे नाहीत.

ओसरी
ऊन दाखवलंय. उद्या सकाळी बाबा स्वतः दळण घेऊन जातो म्हणालेत, गिरणी अर्धा किलोमीटर आहे, चालत.